करंगळीचं बाळ

दहिवलीच्या शाळेत त्या वर्षी तपासणीला आलेले साहेब स्वभावाने चांगले होते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्याचा सगळा दोष मोरेश्वर गुरुजी बरेच दिवस त्यांच्याच माथी मारत होते. साहेबांनी केलं ते इतकंच. पहिलीच्या वर्गात येऊन ते खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसली आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, "सांग बघू, तुझ्या दोन्ही हातांची मिळून बोटं किती?"

मुलगी उभी राहिली. तिने आधी उजव्या हाताची बोटं मोजली, मग डाव्या हाताची मोजली, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं, "अकरा."

साहेब हसले. वर्ग हसला नाही. उत्तर बरोबर आहे हे वर्गाला ठाऊक होतं.

ती मुलगी म्हणजे गुरुजींची स्वतःची चिमा, वय वर्षं सहा. तिच्या डाव्या करंगळीच्या बाहेरच्या अंगाला जन्मापासून एक इवलंसं बोट लोंबत असे. आकार शेंगदाण्याएवढा, आत हाड नाही, पण टोकाला तांदळाच्या कणीएवढं खरंखुरं नख होतं आणि इंदूबाई, म्हणजे चिमाची आई, इतर दहा नखांबरोबर तेही दर रविवारी कापत. चिमा त्या बोटाला 'बाळ' म्हणायची. करंगळीचं बाळ. थंडीच्या दिवसांत ती मूठ मिटून त्याला आत निजवायची, आणि पाढे पाठ करताना ते हलवून हलवून त्यालाही म्हणायला लावायची. बाळ दोनच्या पाढ्यात हुशार आहे, तीनच्या पाढ्यात अडखळतं, असा तिचा अहवाल होता.

साहेब वहीत काही लिहीत होते. त्यांनी मान वर न करता पाच आणि पाच किती असं विचारलं. चिमाने पुन्हा बोटांवर मोजून अकराच सांगितले. मग साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "पहिलीचे अंकगणित कच्चे. शिक्षकांनी व्यक्तिशः लक्ष पुरवावे."

आता इथे गुरुजींनी एक वाक्य बोलायला हवं होतं. "साहेब, तिला अकराच आहेत," एवढंच. साहेबांनी मान वर केली असती, हात पाहिला असता, शेरा खोडला असता, चहा घेतला असता आणि आपली गोष्टही इथेच संपली असती. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे आपल्या मुलीचा हात धरून सगळ्यांसमोर वर करायचा. गुरुजींना ते जमलं नाही. ते खडू चोळत उभे राहिले. आपल्याला लाज वाटली, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःलाही सांगितलं नाही. शिकलेल्या माणसाला लाज वाटली की तो सुधारणा करायला निघतो.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी इंदूबाईंना सांगितलं की ते बोट काढून टाकलं पाहिजे. कारणं त्यांनी शाळेतूनच तयार करून आणली होती. पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल, बांगड्या भरताना कासाराला त्रास होतो, विहिरीच्या दोराला कधी अडकलं तर काय घ्या. इंदूबाईंनी भाकरी थापता थापता सगळी कारणं ऐकून घेतली आणि विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

गुरुजी म्हणाले, साहेबांचा यात काही संबंध नाही.

गावात ही बातमी कशी फुटली ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चांगो अंगणात हजर होता. चांगो म्हणजे शेजारचा भातशेतीवाला. याला खरं तर या बोटाशी काही देणंघेणं असायचं कारण नव्हतं, असं गुरुजींना वाटत होतं. पण तसं नव्हतं. आमच्या भागात भाताचं रोप करायला पालापाचोळा जाळून जो राब, म्हणजे रोपाचा वाफा, भाजतात, त्यात पेरणीची पहिली मूठ चांगल्या हातगुणाच्या माणसाकडून टाकून घेतात. चिमा तीन वर्षांची असताना चांगोने गंमत म्हणून तिच्या डाव्या हाताने मूठ टाकून घेतली होती, आणि त्या वर्षी त्याचं रोप असं आलं की लावणी होऊन उरलेलं त्याने दोन घरांना दिलं. तेव्हापासून निम्मी दहिवली वैशाखाच्या शेवटी चिमाला कडेवर घेऊन राबाराबातून फिरवत असे. सहा बोटांच्या मुठीत दाणा जास्त मावतो, असा चांगोचा हिशेब होता.

"तुमचं बोट आसतं तर आमी काय बोललो नसतो," चांगो म्हणाला. "पण ह्ये गावचं बोट हाय, गुर्जी."

गुरुजींनी त्याला रोपाची वाढ आणि बोटांची संख्या यांचा संबंध नसतो हे समजावून सांगितलं. त्यासाठी अंगणात काडीने आकृतीही काढली. मुलांना शिकवायची त्यांना अतोनात हौस होती आणि समोर मूल नसलं तर ते मोठ्यांना शिकवत. चांगोने आकृती नीट पाहिली, छान काढल्याचं सांगितलं आणि तो गौराबाईंना बोलावून घेऊन आला.

गौराबाई गावातल्या सगळ्या बाळंतपणांना हजर राहिलेली म्हातारी. चिमाच्या जन्माच्या वेळीही ती होतीच, आणि तेव्हाच तिने सांगितलं होतं की असल्या बोटाला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला तर पंधरा दिवसांत ते सुकून आपोआप गळतं. तेव्हा गुरुजींनी तिला अंधश्रद्धेवर एक छोटंसं भाषण दिलं होतं. आता बोट काढायचंच ठरलंय तर निदान केसाने काढा, असं तिचं म्हणणं पडलं. तिने चांगोला नेरळला पाठवलंसुद्धा. माथेरानच्या वाटेवर उभ्या असलेल्या एका घोड्याने चांगोला केस दिला आणि वर एक लाथही दिली. तो लंगडत परतला आणि पुढे महिनाभर गुरुजी दिसले की जरा जास्त लंगडायचा.

गुरुजींनी केस नाकारला. शस्त्रक्रिया शास्त्रोक्तच व्हायची. चौकला हमरस्त्याला लागून एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथे दर मंगळवारी बाहेरून शस्त्रक्रियेचे डॉक्टर येत. गुरुजींनी तीन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. कारण: मुलीच्या बोटाची शस्त्रक्रिया. अर्ज वरच्या कचेरीतून आठवड्याने परत आला. कोणत्या बोटाची ते नमूद नाही, खुलासा करावा, असं त्यावर तांबड्या शाईने लिहिलं होतं. गुरुजींनी लिहिलं, सहाव्या. अर्ज पुन्हा परत आला. हातास पाच बोटे असतात, चूक दुरुस्त करून फेरअर्ज करावा. एकाच वर्षात एकाच बोटापायी सरकारने दोनदा आपलं अंकगणित काढावं, हे गुरुजींच्या फार मनाला लागलं. बोट गेलंच पाहिजे, असं त्यांनी त्या दिवशी पक्कं केलं. तिसऱ्या अर्जात त्यांनी नुसतं 'घरगुती कारण' लिहिलं आणि रजा तत्काळ मंजूर झाली.

पण घोटाळा व्हायचा तो होऊन गेला होता. परत आलेले दोन अर्ज गुरुजींच्या पाटाशेजारी पडले होते आणि चिमाला वाचता येत होतं. शिकवलं होतं त्यांनीच. जोडाक्षरं तिला येत नव्हती, पण 'मुलीच्या' यातलं 'मुली' तिने लावलं आणि 'बोट' तर सरळच होतं. ती अर्ज घेऊन त्यांच्यापुढे आली आणि तिने विचारलं की बाळाचं काय करणार.

इथे गुरुजींविषयी एक गोष्ट सांगायला हवी. सतरा वर्षांच्या नोकरीत ते मुलांशी कधी खोटं बोलले नव्हते. शाळेत देवी टोचायला माणसं आली की बाकीचे मास्तर सांगत, काही नाही रे, कळणारसुद्धा नाही. गुरुजींच्या वर्गात मुलांना सांगितलं जाई की मुंगी चावल्यासारखं दुखेल, पण मुंगी मोठी असेल. त्यांच्या वर्गातली मुलं टोचून घेताना रडत जरूर, पण पळून जात नसत. मोठी मुंगी, मोठी मुंगी, असं म्हणत रांगेत उभी राहत. गुरुजींना आपल्या शिकवण्यात कशाचा अभिमान असेल तर याचा होता.

आणि चिमा अर्ज घेऊन उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "काही नाही गं. बाळाला सर्दी झाली आहे. डॉक्टर त्याला टोपी घालणार."

का म्हणाले? कदाचित खरं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, का काढायचं? आणि त्या प्रश्नाचं त्यांच्याकडे कारण होतं, उत्तर नव्हतं.

चिमा खूश झाली. मग तिने हट्ट धरला की टोपी दवाखान्याची नको, आपली हवी. तेव्हा गुरुजी तिला घेऊन कर्जतच्या बाजारात जमालभाईकडे गेले. जमालभाई शिंपी, शाळेचे सगळे गणवेश तो शिवत असे. त्याने चिमाचा हात आपल्या हातात घेतला, गळ्यातली टेप काढून अगदी गंभीरपणे त्या बोटाचं माप घेतलं, वहीत उतरवून घेतलं आणि लाल मखमलीच्या चिंधीतून एक टोपी शिवून दिली. तिला वर पांढऱ्या दोऱ्याचा गोंडाही लावला. पैसे घेतले नाहीत. चिमा गोंडा बघत दुकानाच्या पायरीवर बसली तेव्हा त्याने गुरुजींना हलक्या आवाजात विचारलं, खरंच टोपीच घालणार आहेत का? गुरुजींनी खरं काय ते सांगितलं.

जमालभाईने सुईत दोरा ओवला. मग म्हणाला, "गुरुजी, आमच्यात सुन्नतेच्या वेळी पोराला सांगतात, वर बघ, सोन्याची चिमणी उडाली. मलापण सांगितलेलं. मी बघितलं वर." त्याने दोऱ्याला गाठ मारली. "आज बेचाळीस वर्षांचा झालो. कोणी वर बघ म्हटलं की मी आधी खाली बघतो."

गुरुजी हसले. गोष्ट विनोदी होतीच. कर्जतहून घरी येईपर्यंत त्यांना ती दोनतीनदा आठवली आणि दर वेळी जरा कमी विनोदी वाटली. पण टोपी तर शिवून झाली होती.

मंगळवारी पाच माणसांचा जथा एस.टी.ने चौकला उतरला. गुरुजी, इंदूबाई आणि चिमा हे तीन अपेक्षित होते. चांगो आला कारण बोट गावाबाहेर राहता कामा नये, ते परत आणायला गावचा कोणीतरी हवा. गौराबाई आली कारण तिला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. घोड्याचा केस कागदात गुंडाळून तिने कमरेच्या चंचीत ठेवला होता. डॉक्टरचं काही चुकलं तर असू द्यावा, म्हणून.

दाखल करताना कारकुनाने केसपेपरवर नाव, वय, गाव लिहून घेतलं आणि ओळखीची खूण विचारली. हा नियमच होता. गुरुजींनी शुद्ध कचेरीच्या भाषेत सांगितलं, "लिहा, डाव्या हातास सहा बोटे." कारकुनाला वाक्य आवडलं. गुरुजींनाही आवडलं.

डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले की यात विशेष काहीच नाही, पाच मिनिटांचं काम. मग सहज पुढे म्हणाले, "जन्मल्या जन्मल्या दोरा आवळून बांधला असता तरी गळून गेलं असतं हे."

गौराबाई दारातच उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही. तिने चंची उघडली, कागदाची पुडी काढली, ती उलगडून केस उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा गुंडाळून ठेवला. तिचं हे न बोलणं गुरुजींना पुढे चार वर्षं ऐकू येत होतं.

आतली बाई, दवाखान्याची आया, चिमाला न्यायला आली. चिमाने टोपी उजव्या मुठीत धरली होती. दाराशी ती वळली आणि तिने विचारलं, "बाबा, दुखेल?"

इंदूबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. चांगोने खाली पाहिलं. अजूनही एक वाक्य बोलता आलं असतं.

"नाही गं," गुरुजी म्हणाले. "नुसती टोपी घालायची."

ती हसत आत गेली.

पाच मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागली, कारण भूल द्यायचं औषध ज्या कपाटात होतं त्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. गुरुजींनी बाकावर बसून भिंतीवरचा क्षयरोगाचा तक्ता सहा वेळा वाचला. मग दार उघडलं. चिमाच्या डाव्या हाताला नारळाएवढं बँडेज होतं. तिच्यामागून आलेल्या नर्सने मखमली टोपी इंदूबाईंच्या हातात ठेवली आणि हे काय म्हणून विचारलं. इंदूबाईंनी ती पटकन बटव्यात टाकली.

ठरल्याप्रमाणे चिमाला तिथे दोन दिवस ठेवायचं होतं. शुद्धीवर आल्यावर ती रडली, कारण दुखत होतं, पण मग स्वतःच गप्प झाली. टोपी घट्ट झाली असेल, असं ती म्हणाली. ते दोन दिवस ती बँडेजला तोंड लावून आतल्या बाळाशी बोलत होती. गोंडा बोचतो का, अंधारात भीती वाटते का, बुधवारी तीनचा पाढा. गुरुजी खाटेशी बसून हे ऐकत. मुलांना शिकवायची इतकी हौस असलेला माणूस, पण तिला आता काय शिकवावं हे त्यांना सुचत नव्हतं. घरी गेल्यावर हळूहळू सांगू, असं ते इंदूबाईंना म्हणाले. इंदूबाईंनी विचारलं, "हळूहळू म्हणजे कसं? आज निम्मं आणि उद्या निम्मं?"

गुरुवारी घरी सोडायचं होतं. सकाळीच चांगो न्यायला आला. सोडायच्या खिडकीवर आता दुसरा कारकून होता, तरुण, चष्मेवाला, नव्याने लागलेला आणि म्हणूनच नियमाने चालणारा. त्याने केसपेपर वाचला आणि ओळखीची खूण दाखवायला सांगितली.

गुरुजींनी बँडेज दाखवलं. कारकुनाने बँडेजबाहेर आलेली बोटांची टोकं पेन्सिलने मोजली आणि पाच असल्याचं सांगितलं. गुरुजींनी समजावलं की सहावं बोट काढण्यासाठीच मुलीला इथे आणलं होतं, ते याच दवाखान्यात काढलं, त्यामुळे ते आता असणार नाही. कारकून म्हणाला की त्याला हे सगळं पटतं. पण दाखल झालेली मुलगी सहा बोटांची आहे आणि चाललेली पाच बोटांची. उद्या कोणी विचारलं की दाखल केलेली मुलगी कुठे गेली, तर तो काय उत्तर देणार? लिहून कोणी दिलं आहे? गुरुजींनी मान्य केलं की लिहून त्यांनीच दिलं आहे. मग गुरुजींच्याच वाक्यावर त्यांना आक्षेप कसा घेता येईल, असं कारकुनाने नम्रपणे विचारलं. डॉक्टर पुढच्या मंगळवारी येतील, ते खूण रद्द झाल्याचं लिहून देतील, तोवर मुलीला इथेच ठेवावं, काही हरकत नाही, खाट रिकामीच आहे.

गुरुजींचा आवाज चढला. ही त्यांच्या आयुष्यातली दुर्मीळ घटना. मागे रांग जमली. रांगेतल्या एकाने, खूण बदलून तीळ लिहा, असं सुचवलं. दुसऱ्याने चिमाच्या अंगावर तीळ आहे का म्हणून विचारलं. आणि या सगळ्या गोंधळात चांगोला वाटलं की आपल्याकडे उपाय आहे तर गुर्जींची फजिती कशाला होऊ द्यायची.

त्याने आतल्या बाईला आधीच सांगून ठेवलं होतं. मंगळवारीच तिने इंजेक्शनच्या एका रिकाम्या बाटलीत स्पिरिट घालून वस्तू त्याच्या हवाली केली होती. तेव्हापासून ती खिशातच जपून ठेवलेल्या चांगोने आता बंडीतून बाटली काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. "ही घ्या खूण," तो म्हणाला.

ती फळी मोठ्या माणसाच्या छातीला लागत होती. चिमा आईच्या कडेवर होती. तिच्या अगदी तोंडासमोर.

कारकुनाने बाटली उचलून उजेडात धरली, नख पाहिलं, समाधानाने मान हलवली. पाच आणि हे एक, असं पुटपुटला. मग केसपेपरवर लिहिलं, "खूण बाटलीत पाहिली," खाली सही केली आणि शिक्का मारला. रांगेतली माणसं हसली. गुरुजींचं सगळं लक्ष शिक्क्याकडे होतं, आणि शिक्का बसला तेव्हा त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मग त्यांना कळलं की चिमा त्यांच्याकडे बघते आहे.

"बाबा, ते बाळ आहे," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

गुरुजी म्हणाले, "हो."

"टोपी कुठाय?"

इंदूबाईंनी बटव्यातून टोपी काढून तिला दिली. चिमाने ती उजव्या हातात घेतली, बाटलीकडे थोडा वेळ पाहिलं, आणि मग टोपी बाटलीच्या रबरी बुचावर घातली. ती बरोबर बसली. जमालभाईचं माप चुकत नसे.

ती रडली असती तर बरं झालं असतं, असं गुरुजींना नंतर किती वेळा वाटलं. रडणाऱ्या मुलाला कसं समजवायचं हे त्यांना येत होतं. एस.टी.त ती आईच्या आणि चांगोच्या मधे बसली, मांडीवर बाटली धरून. गुरुजींना पलीकडच्या बाकावर जागा मिळाली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "चांगोकाका, याला दुखलं का रे?"

चांगोने विचार केला. "दुकलं आसंल गं," तो म्हणाला. "मी आत नव्हतो."

गावात आल्यावर बोटाचं काय करायचं यावर बैठक बसली. जाळायचं की पुरायचं, यावर दोन पक्ष पडले. शेवटी चांगोने आपल्या राबाच्या कोपऱ्यात बांधालगत जागा दिली. तिथे चिमाने स्वतः बाटली ठेवली, टोपीसकट. टोपी काढून घेऊ का, चांगली मखमल आहे, असं कोणीतरी विचारलं. चिमाने न ऐकल्यासारखं केलं. गुरुजी पाराजवळ उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नाही आणि कोणी अडवलंही नाही.

वैशाखाच्या शेवटी चांगो नेहमीसारखा दारात आला. गुरुजींना वाटलं, टोमणा मारायला आला असेल. तो चिमाला न्यायला आला होता. चिमाने डावा हात मागे लपवला आणि सांगितलं की आता मुठीत कमी मावतं.

"मावू दे की," चांगो म्हणाला. "एक बोट तितं राबातच हाय. तू वरनं टाक, त्ये खालनं धरंल."

चिमा हसली. चौकहून आल्यापासून पहिल्यांदा. गुरुजींनी मागे अंगणात काडीने काढलेली आकृती त्यांना त्या वेळी आठवली. चांगोच्या बोलण्यात शास्त्र काही नव्हतं. आणि तरी त्या पोरीला शाळेतल्या कुठल्याही मास्तरापेक्षा चांगोने बरं शिकवलं होतं.

हात बरा झाला. करंगळीशेजारी एक पांढरी रेघ उरली. चिमा पहिलीतून दुसरीत गेली. सगळं पूर्ववत झालं, असं कोणीही म्हणालं असतं. फक्त एक गोष्ट होती, जी घरात गुरुजींखेरीज कोणाच्या लक्षातही आली नसती. गुरुजींनी चिमाला काही सांगितलं की ती आधी आईकडे बघायची. उद्या शाळेला सुट्टी आहे. आईकडे. मामा रविवारी येणार आहे. आईकडे. हा आंबा गोड आहे. आंबा हातात, नजर आईकडे. इंदूबाईंनी मान हलवली की मग ती खायची. एकदा त्यांनी वर्गात सांगितलं की पृथ्वी गोल आहे. चिमा दुसऱ्या रांगेत होती. तिने दाराकडे पाहिलं. दारात आई नव्हती, शाळेत कुठून असणार? तिने वहीत लिहून घेतलं नाही. घरी जाऊन तिने आईला विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते वहीत होतं.

पुढच्या तपासणीला तेच साहेब आले. त्यांनी दुसरीच्या वर्गात तोच प्रश्न विचारला, कारण चांगले साहेब प्रश्न बदलत नाहीत. चिमा उठून म्हणाली, "दहा." न मोजता म्हणाली. साहेबांनी लिहिलं, "प्रगती समाधानकारक."

गुरुजींनी खडू खाली ठेवला. "साहेब," ते म्हणाले, "गेल्या वर्षी हिला अकरा होती. हिचं उत्तर बरोबर होतं. मी बोललो नाही."

साहेबांना गेलं वर्ष आठवत नव्हतं. त्यांच्याकडे नव्वद शाळा होत्या. असं का, असं ते सौजन्याने म्हणाले आणि मग पाणी मागितलं. वर्षभर उशिरा बोललेलं वाक्य असंच हवेत राहिलं. चिमाने मान खाली घातली होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

त्या तपासणीनंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती डोंगराकडच्या जाळीतून करवंदं घेऊन लंगडत आली. टाचेत काटा मोडला होता, चांगला खोल. इंदूबाई विहिरीवर गेल्या होत्या. अंगणात चांगो होता आणि गौराबाई होती, दोघांनीही काही नाही गं, कळणारसुद्धा नाही, असं एका सुरात सांगितलं. गुरुजींनी सुई आणली, दिव्यावर धरून घेतली आणि पायरीवर बसले. चिमा लांब उभी राहिली. तिने घरात पाहिलं, विहिरीच्या वाटेकडे पाहिलं. आई नव्हती.

"दुखेल?" तिने विचारलं. कोणाला ते स्पष्ट नव्हतं.

"दुखेल," गुरुजी म्हणाले. "बरंच दुखेल. काटा आत गेलाय, मला उकरावं लागणार. तू मोज. दहापर्यंत निघेल असं वाटतं, पण नक्की सांगता येत नाही."

चिमाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. गणिताची रीत तपासावी तसं. मग ती आली, शेजारी बसली आणि तिने पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताने तिने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. पाच बोटांनी.

तिने मोजायला सुरुवात केली. चारला ओरडली. सहाला डोळ्यांतून पाणी आलं. दहा झाले. गुरुजींचा हात थांबला नाही.

"निघाला?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "अजून नाही."

चिमाने बाही सोडली नाही. ओठ घट्ट मिटले, मग उघडले.

"अकरा," ती म्हणाली.